परत न मागितलेलं पुस्तक

१२ जून १९३३, सोमवार

सुताच्या व्यापाऱ्यानं जानेवारीत फुकट दिलेली ही डायरी सहा महिने मिरच्यांच्या डब्याखाली पडून होती. आज काढली. खानावळ चालवणाऱ्या बाईला तोंड आवरावं लागतं, आणि माझं तोंड आवरत नाही हे सोलापूरच्या अख्ख्या बाळीवेशीला ठाऊक आहे. गिऱ्हाइकाला बोलले तर ते उद्या दुसरीकडे जेवेल. कागद कुठं जाणार? मराठी दुसरीपर्यंत शिकले, तेही धाकट्या भावाला शाळेत पोचवायला जावं लागायचं म्हणून. अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं आहे. मलाच वाचायचंय.

चंद्रव्वा मॅट्रिक झाली. माझ्या लेकाची मुलगी. लेक आणि सून दोघं इन्फ्लुएंझात एकाच आठवड्यात गेली, तेव्हापासून ही माझ्या पदरात. गणितात शाळेत पहिली. बाराव्या वर्षी हिच्या बोटांवर पांढरे डाग आले, आता दोन्ही हात मनगटापर्यंत कोडानं पांढरे आहेत. दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला हे कुणाला लागत नाही आणि ह्याला औषध नाही. डॉक्टरचं कोण ऐकतंय. लग्नाची बोलणी दोनदा झाली, दोन्हीदा सुपारी फुटायच्या आत माणसं चपला घालून उभी.

माझ्याकडे मिलमधले कारकून, मास्तर लोक जेवतात. चंद्रव्वानं परातीला, पाण्याला, ताटाला हात लावायचा नाही आणि पंगत बसली की मागच्या खोलीतच राहायचं, हा नियम मी केला. धंदा आहे. त्यात रडण्यासारखं काही नाही.

काल मुलींच्या शाळेच्या मोठ्या बाई आल्या होत्या. म्हणाल्या, गणित शिकवायला बाईमाणूस मिळत नाही. पुण्याच्या बायकांच्या विद्यापीठाची परीक्षा घरी बसून देता येते. चंद्रव्वा गणित घेऊन पहिली परीक्षा पास झाली तर पुढच्या जूनपासून जागा हिची. मी सरळ विचारलं, हातांचं काय? बाई म्हणाल्या, "शाळेत सगळ्याच बायकांचे हात खडूनं पांढरे असतात." म्हणताना हसल्या नाहीत, म्हणून मी विश्वास ठेवला.

मी बासष्टची. मी गेल्यावर हिला कोण घालणार? खानावळ हिच्या हाती देऊन उपयोग नाही, हिच्या हातचं कुणी खाणार नाही. तेव्हा गणित.

१५ जून, गुरुवार

मोठ्या बाईंनी काय काय शिकायचं ते लिहून दिलं, पण पुस्तकं कोणती ते नाही. म्हणाल्या कुणा गणितवाल्याला विचारा. सोलापुरात कॉलेज नाही. मग गणितवाला कुठला आणू? दुपारच्या पंगतीला भाकरी वाढता वाढता विचारलं. झालं. ज्यांना पगाराचा हिशेब धड जमत नाही त्यांनीही नावं सांगायला सुरुवात केली. आधी अमुक वाचा, मग तमुक, आधी भूमिती, छे, आधी बीजगणित. जो जितका कमी शिकलेला तितकं जाड पुस्तक सांगत होता. एक जण म्हणाला सगळीच घ्या, नडेल तेव्हा उपयोगी पडतात. मी म्हटलं, मग सगळ्याच चुली पेटवू का रे तुमच्यासाठी?

शिवलिंगप्पा मास्तर तेवढे गप्प होते. हायस्कुलात गणित शिकवतात, बी. ए. झालेले, बायको-मुलं विजापूरला, इथं खोली घेऊन एकटे राहतात. हात धुऊन झाल्यावर म्हणाले, "अव्वा, माझ्याकडे एक आहे. मी रोज वापरतो, पण आठवडाभर देतो. पसंत पडलं तर तसलंच पुण्याहून मागवा."

शहाणा माणूस. जेवताना बोलत नाही.

१८ जून, रविवार

मास्तर पुस्तक घेऊन आले. काळं, बारीक अक्षराचं, पाठीवर सोनेरी इंग्रजी. मी चंद्रव्वाला हाक मारली, म्हटलं मास्तरांच्या हातून घे, नमस्कार कर. ती बाहेर आली. मास्तरांनी तिला आज पहिल्यांदाच पाहिलं. पुस्तक कट्ट्यावर ठेवलं, हिनं तिथून उचलून उभ्या उभ्याच चाळलं. मास्तर थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, परत द्यायची घाई नाही. पायरी उतरले, परत वळले आणि म्हणाले, "राहू द्या तिच्याकडेच. परत नकोच."

मी चाट पडले. परवा म्हणाले रोज लागतं, आज म्हणतात परत नको. मी पस्तीस वर्षं ज्वारी घेते आहे. मोंढ्यावर आडत्या जेव्हा म्हणतो की हे पोतं असंच घेऊन जा, तेव्हा त्यात टोके किडे झालेले असतात. चांगला माल कुणी सोडत नाही. मास्तरांनी देताना पुन्हा उघडून बघितलं असेल आणि कळलं असेल की हे काही कामाचं नाही.

२ जुलै, रविवार

धोंडीरामनं लाल पुस्तक आणलं. धोंडीराम मोडनिंबचा, मिलमध्ये हजेरी घेतो. पुण्यात कॉलेजला दोन वर्षं काढून आला, पुढं काय झालं ते सांगत नाही. पुस्तकाला जुन्या धोतराचं कव्हर शिवलंय. चंद्रव्वाच्या हातात दिलं आणि सोडेचना. "ताई, कोपरे दुमडू नका. तेलाचा हात लावू नका. माझ्या जिवाचं पुस्तक हाय. परीक्षा झाली की मला परत पायजे."

पंगतीला बसल्यावरही दोनदा विचारलं, पुस्तक कुठं ठेवलंय म्हणून. आता ह्याला म्हणतात माल.

११ जुलै, मंगळवार

ज्वारी घेताना मी प्रत्येक पोत्यातली मूठभर दळून एकेक भाकरी करून बघते. थापताना चिरते का, पापुद्रा सुटतो का, ते बघून पोतं ठरवते. पुस्तकांचंही तसंच करायचं ठरवलं. चंद्रव्वाला सांगितलं, थोडे दिवस काळं, थोडे दिवस लाल, मग मी बघते.

काळ्याच्या वेळी पाटी कोरीच. पोरगी भिंतीला टेकून एकाच पानाकडे बघत बसलेली. मी विचारलं, काय लिहिलंय एवढं? म्हणाली, एक गोष्ट दुसरीच्या जवळ जवळ जात राहते, पाहिजे तेवढी जवळ जाते, पण शिवत नाही. ती कुठं चाललीय ते न शिवता कसं ओळखायचं, ते सांगितलंय. मी म्हटलं, हे गणित हाय का सोवळं? ती हसली. मला हसू आलं नाही. पास व्हायचंय की पुराण ऐकायचंय?

लाल घेतलं तशी पाटी भरायला लागली. त्यात वर एक उदाहरण सोडवून दाखवलेलं असतं, खाली तसलीच भरपूर. हे असं मांडा, मग हे असं करा, उत्तर आलं. मागच्या पानावर उत्तरं ताडून बघायची. सगळी बरोबर. मी स्वतः आकडे लावून बघितले, आकडे तर मला वाचता येतात. सरसर चाललं होतं.

मी ठरवलं. लाल. एकाच तव्यावर लक्ष ठेवायचं, दोन तवे चढवले की दोन्हीकडच्या करपतात. चंद्रव्वा म्हणाली, "अज्जी, काळं बी राहू दे की माझ्याकडं."

मी म्हटलं, "फुकट दिलेलं हाय ते. तुला येळ कमी हाय."

 काळं पुस्तक मी शेंगांच्या चटणीच्या बरणीवर ठेवलं. झाकण घट्ट बसत नव्हतं, आता मुंग्या जात नाहीत.

३१ जुलै, सोमवार

श्रावणी सोमवार, सिद्धरामेश्वराच्या देवळातून लोक सरळ इकडेच येतात, उपवास सोडायला. कमलम्मा आणि मी दोघींचे हात भाकऱ्या थापून सुजले. कमलम्मा माझ्याकडे पंधरा वर्षं आहे, बोलते कमी, डोळे फिरवते जास्त.

शिवलिंगप्पा मास्तरांना वेगळीच हवा लागली आहे. हल्ली दाराजवळच बसतात. पाण्याचा तांब्या घरून आणतात. ताट मांडायच्या आधी आपल्या पंच्यानं पुसून घेतात. विचारलं तर म्हणाले, पोटाचा त्रास आहे. शाळेत बढती मिळाली असं ऐकते. दोन पैसे वाढले की माणसाला लोकांच्या भांड्यात घाण दिसायला लागते. कमलम्मानं माझ्याकडे बघून डोळे फिरवले. मी म्हटलं, काय ते बोल. म्हणाली, काही न्हाई अव्वा.

५ सप्टेंबर, मंगळवार

लाल पुस्तक निम्म्यावर. धोंडीराम रोज विचारतो, ताई कुठवर आल्या? मी सांगते. त्याचा चेहरा असा होतो की जसं त्याचंच लेकरू चालायला लागलंय. म्हणाला, "अव्वा, मला त्यातलं सगळं पाठ होतं. पान सांगा, मी बोलून दाखवतो." आणि खरंच बोलला, तोंडात घास असताना.

चंद्रव्वा मात्र हल्ली गप्प. उत्तरं सगळी बरोबर येतात आणि तोंड असं की जणू चुकली. मी म्हटलं, बरोबर येतंय ना, मग? म्हणाली, बरोबर येतंय, पण का येतंय ते कळत न्हाई. मी म्हटलं, भाकरी का फुगते ते मला कुठं कळतंय? फुगते की. तर म्हणाली, "तू रोज त्याच पिठाची करतीस अज्जी. उद्या नाचणी आणून दिली तर?"

तोंड माझंच घेतलंय कार्टीनं.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

दिवाळी. मास्तर विजापूरला गेले, धोंडीराम मोडनिंबला. खानावळ रिकामी. चार दिवस मी आणि चंद्रव्वा. रिकामी खानावळ असली की ती चुलीपाशी येऊन बसते, हात मांडीखाली घेऊन. ती सवय मीच लावली. तिला चटणी पाहिजे होती, तर बरणीवरचं पुस्तक तिनं खाली ठेवलं, चटणी घेतली, आणि पुस्तक उघडून तिथंच बसली. भाकरी निवून दगड झाली. मी रागावले. पुस्तक परत बरणीवर ठेवलं.

१६ जानेवारी १९३४, मंगळवार

डायरी भरली नाही आणि वर्ष संपलं. आता तारखा खोडून मागच्याच पानांवर लिहिते.

गड्ड्याची जत्रा चालू आहे. सिद्धरामेश्वराच्या नंदीध्वजांची मिरवणूक बघायला सगळं सोलापूर रस्त्यावर, आणि माझ्या घरात सुतक असल्यासारखं.

मोठ्या बाईंनी मागच्या वर्षांचे परीक्षेचे कागद आणून दिले. लाल पुस्तक पुरं झालंय म्हणून मी त्यांना जरा तोऱ्यातच सांगितलं. चंद्रव्वा कागद घेऊन बसली. संध्याकाळी बघितलं तर पाटीवर दोन उदाहरणं आणि बाकी कोरं. म्हणाली, पुस्तकात होती तशी दोनच आहेत. बाकीच्यांत विचारलंय की हे असं का होतं ते सिद्ध करा.

"मग कर की सिद्ध."

"लाल पुस्तकात ते कुठंच न्हाई."

मी तिला खूप बोलले. म्हटलं, सहा महिने बसून खाल्लंस. लोकांच्या पोरी धुणी धुतात, दळणं दळतात. बोलताना मला कळत होतं की धुण्याला आणि दळणाला हात लावायला मीच बंदी केली आहे. तरी बोलले. ती ऐकत होती. तिला सवय आहे.

८ फेब्रुवारी, गुरुवार



शिवलिंगप्पा मास्तर तापानं पडले. जेवायला आले नाहीत. माणूस आजारी आहे म्हणून दुपारी मी मऊ भात आणि कढी डब्यात घालून त्यांच्या खोलीवर गेले. मास्तर घोंगडीत. उशाशी पाण्याचा तांब्या आणि काळं पुस्तक.

मला इंग्रजी येत नाही, पण पाठीवरची सोनेरी अक्षरं मला ओळखू येतात. सात महिने रोज चटणी काढताना बघते आहे. तीच अक्षरं. तीच जाडी. फक्त हे कोरं करकरीत.

मी म्हटलं, "मास्तर, हे तर तुमी आमाला दिलंवतं."

"ते जुनं. हे नवं घेतलं, जुलैमध्ये. पुण्याहून मागवलं."

"म्हंजे पुस्तक चांगलं हाय?"

"अव्वा, घरी बसून शिकणाऱ्याला याच्यासारखं दुसरं नाही. यात कारण सांगितल्याशिवाय पुढची ओळ येत नाही. मी यावरच शिकलो." ताप असूनही तोंडावर तेज आलं त्यांच्या. मग विचारलं, "का? तिला अवघड गेलं?"

"मग आपलंच परत का मागितलं न्हाई? आठवड्यासाठी देतो म्हणाला होतात."

मास्तर घोंगडीची दशी ओढत राहिले. मग म्हणाले, "तिनं हाताळलं होतं ना."

आणि आपणहूनच बोलत राहिले. कोड लागत नाही हे त्यांना ठाऊक आहे. ते शिकलेले आहेत, वर्गात मुलांना हेच सांगतात. पण सुट्टीत पुस्तक विजापूरला घरी जातं, घरात लहान मुलं आहेत, म्हातारी आई आहे. मन घेत नाही.

माझ्या तोंडात काय काय आलं ते इथं लिहायला शाई पुरणार नाही. त्यातलं पहिलं बाहेर पडायच्या आत मास्तर म्हणाले, अगदी हळू, भांडायचं म्हणून नाही,

"अव्वा, तुम्ही तरी तिला परातीला हात लावू देता का? मी निदान पुस्तक तरी दिलं."

मी उठले.  पस्तीस वर्षांत मला कुणी असं गप्प केलं नव्हतं, नवऱ्यानंही नाही. दारापर्यंत आल्यावर मास्तर म्हणाले, डबा धुऊन पाठवतो. मी म्हटलं, राहू द्या तुमच्याकडेच. परत नको.

एवढंच सुचलं.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

बरणीवरचं पुस्तक उचललं. तळाला तेलाचा गोल डाग पडलाय, आत कुठवर गेलाय बघितलं नाही. मागच्या खोलीत जाऊन तिच्यापुढं ठेवलं आणि काल जे झालं ते सांगितलं. मास्तरांचं शेवटचं वाक्य सोडून.

चंद्रव्वा म्हणाली, "मला त्याच दिवशी कळलं होतं. पुस्तक हातात द्यायला पुढं केलं होतं त्यांनी. माझे हात बघितले आणि कट्ट्यावर ठेवलं."

"मग बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? रोजचंच हाय की."

"आणि पुस्तक चांगलं हाय ते?"

"ते पहिल्या पानातच कळलं."

मी म्हटलं, अगं मग मला सांगायचं होतंस, भांडायचं होतंस. तिनं पुस्तक उघडलं. डागाच्या बाजूची पानं एकमेकांना चिकटली होती, ती नखानं एकेक सोडवत होती. मान वर न करता म्हणाली, "तू पोतं निवडत होतीस अज्जी. पोत्याला कोण विचारतंय."

१५ फेब्रुवारी, गुरुवार

धोंडीरामला लाल पुस्तक परत दिलं. परीक्षेच्या आधीच का, म्हणून त्यानं विचारलं. मी त्याच्यावर सगळा राग काढला. म्हटलं, कसलं रे पुस्तक हे, नुसती घोकंपट्टी, ह्याच्यानं कुणी पास व्हायचं नाही.

तो धोतराच्या कव्हरवरून हात फिरवत होता. मग म्हणाला, "मी दोनदा नापास झालो, अव्वा. सगळं पाठ होतं. मला वाटलं माझंच डोकं न्हाई."

मग भाकरीचा तुकडा मोडला आणि जेवायला लागला. वाईट वाटलं की बरं वाटलं, त्याच्या तोंडावरून मला ओळखता आलं नाही. मनापासून दिलेलं पुस्तक वाया गेलेलं आणि हात झटकून दिलेलं लाखाचं. ह्यातून मी काय शिकू? पुढच्या वेळी कुणी काही दिलं तर काय बघू, माल की माणूस? मला दोन्ही बघता येत नाही असं दिसतंय. मास्तर बरे झालेत. येतात, दाराजवळ बसतात, जेवतात. मी वाढते. डबा त्यांनी पाठवला नाही. मीच नको म्हटलं होतं.

१ मार्च, गुरुवार

चंद्रव्वानं शाळेत जाऊन मोठ्या बाईंना सांगितलं, यंदा परीक्षेला बसत नाही. मला न विचारता. मी तिथंच होते. बाईंनी समजावलं की निम्मी उत्तरं आली तरी पास होशील, घोकून जा, पुढचं पुढं बघू. ही म्हणाली, बाई, मी वर्गात उभी राहिले आणि एखाद्या मुलीनं विचारलं का, तर मी काय सांगू? माझे हात बघून पहिल्याच दिवशी हसतील त्या. गणित तरी मला नीट यायला पाहिजे.

 निघताना बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या की जागा वर्षभर रिकामी ठेवता येणार नाही, पुण्याची एक मुलगी अर्ज करून बसली आहे. मी म्हटलं, द्या तिला. दुसरं काय म्हणणार? चूक त्या पुण्याच्या पोरीची नाही. बाईंची नाही. चंद्रव्वाची तर नाहीच.

घरी आल्यावर मी भांडले. म्हटलं, माझं वय बघ. तिनं विचारलं, काळं पुस्तक बरणीवर कुणी ठेवलं? एवढंच. आवाज सुद्धा चढवला नाही.

२ एप्रिल, सोमवार

परीक्षा ह्या आठवड्यात आहे. आपण त्यात नाही.

मास्तरांचं ते वाक्य दोन महिने माझ्या डोक्यात परातीसारखं वाजतंय. आज दुपारची पंगत भरलेली असताना मी ठरवलं. मास्तर दाराजवळ, धोंडीराम मधल्या रांगेत, बाकीचे सगळे. कमलम्माला म्हटलं, उठ. ती उठली, पहिल्यांदा डोळे न फिरवता. मी मागच्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

"चंद्रव्वा, ये. भाकरी थाप."

पंगतीतले घास हातातच थांबले. मास्तरांचा हात ताटातच राहिला. मी मनात म्हटलं, उठा. ज्यांना उठायचं त्यांनी उठा, आज मी मोजणार नाही. मला वाटलं होतं ती येईल, बसेल, आणि मी त्या सगळ्यांच्या तोंडाकडे बघेन.

मागच्या खोलीतून उत्तर आलं, "मला येळ न्हाई, अज्जी."

धोंडीराम ठसकून हसला आणि पाणी प्यायला. मग सगळ्यांनी खायला सुरुवात केली. मास्तरांनीही. कमलम्मा परत परातीपाशी बसली, मी कोपऱ्यात उभी, हाताला लागलेलं पीठ वाळत चाललेलं.

पंगत उठल्यावर आत गेले. ती भिंतीला टेकून बसली होती, पाटी कोरी, पुस्तक मांडीवर. मी विचारलं, किती झालं? तिनं दोन पांढऱ्या बोटांत झालेली पानं धरून दाखवली. भाकरीच्या वरच्या पापुद्र्याएवढी. मी म्हटलं, नीट कळतंय का? म्हणाली, कळतंय. मी म्हटलं, मग पुरं कधी होणार?

"सांगता येत न्हाई. घाई करता येत न्हाई ह्याच्यात."

मी मेल्यावर काय खाशील, हे ओठावर आलं होतं. बोलले नाही. तिनं पान उलटलं. मी त्रेसष्टची झाले आणि पुस्तक जाड आहे.